तिच्या नावावर छापलेली कविता

अमेरिकेत राहून मराठीत कविता लिहिणाऱ्यांचा एक संग्रह आम्ही दोघी दर वर्षी काढायचो. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत, ती पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये. तिच्याकडे सकाळचे आठ वाजले की माझ्याकडे अकरा झालेले असायचे. शनिवारी त्या वेळेला फोन लागायचा. सप्टेंबर ते जानेवारी, संग्रहाचं काम चालू असेपर्यंत, एकही शनिवार चुकत नसे.

आमची ओळख एका मराठी अधिवेशनात जेवणाच्या रांगेत झाली. कविसंमेलन नुकतंच संपलं होतं, म्हणजे पुढच्या नाचाच्या कार्यक्रमाला उशीर नको म्हणून संपवलं होतं. माझ्यापुढे उभी असलेली बाई एकदम मागे वळून म्हणाली, "आठ कवी आणि तीस मिनिटं. त्या शेवटच्या काकूंना तर दुसरं कडवंही म्हणू दिलं नाही."

"लिहितात बरं पण लोक इथे," मी म्हणाले.

"लिहितात, आणि मग कुठे जातं ते?"

तिनं ताटात भात वाढून घेतला आणि म्हणाली, "आपण गोळा करू या का?"

इतक्या सहज ठरलं. ती मूळची कोल्हापूरची, बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. दोघींपैकी कुणीच साहित्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. आम्ही नियम केले तेही साधे. कवी या देशात राहणारा हवा, कविता त्याच वर्षी लिहिलेली हवी आणि प्रत्येकाची एकच घ्यायची. पहिल्याच वर्षी नियमावरून वाद झाला. न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी वहीच्या पानाचा फोटो काढून कविता पाठवली होती. मी म्हटलं, त्या व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांना इथल्या कवी कसं म्हणायचं? ती म्हणाली, "सहा महिने त्या बाई एकट्या घरात बसून खिडकीतून इथला बर्फ बघतायत. त्यांच्याहून इथलं कोण गं?" आजींची कविता घेतली.

कविता कुठून कुठून यायच्या. ॲरिझोनात पीएचडी करणाऱ्या मुलीची ईमेलवर, टेक्सासमधल्या एका काकांची व्हॉट्सॲपवर, आणि एका बाईंची तर व्हॉइस मेसेजवर, कारण त्यांना मराठी टाइप करता येत नव्हतं. मी त्या एकत्र करायची. ती मात्र वाचायला मागत नसे. "मला पाठवू नकोस, वाचून दाखव," म्हणायची. मग मी फोनवर मोठ्यानं वाचायची. तिकडून कपबशीचा आवाज यायचा, मग शांतता. कविता संपल्यावर ती बऱ्याचदा एकच गोष्ट सांगायची, "शेवटच्या दोन ओळी काढायला सांग त्याला." दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर असायचं.

तिची आई वारली तेव्हा तिचे व्हिसाचे कागद अडकले होते. गेली असती तर परत येता आलं नसतं आणि मुलगी तेव्हा दुसरीत होती. सगळे विधी तिनं फोनच्या स्क्रीनवर पाहिले. त्यावर ती कधी बोलली नाही आणि लिहिलं तर मुळीच नाही. ती स्वतः फार कमी लिहायची. आमच्या संग्रहात नऊ वर्षांत तिच्या तीनच कविता आल्या असतील.

आठव्या वर्षी सनीव्हेलच्या एका मुलाची कविता आली. मुलगा म्हणते मी, पण तिशीचा इंजिनीयर होता, नागपूरचा. कविता व्हिडिओ कॉलवरच्या आईची होती. आईला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे तिचं कपाळ तेवढं दिसतं आणि वरचा फिरता पंखा. वर्षानुवर्षं तो मुलगा घरचं छत बघतोय आणि छताला पडलेला ओलीचा डाग कसा वाढत गेला ते त्याला आईच्या चेहऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी ती फोनवर वाचली.

"मला ही हवी," ती म्हणाली.

"अगं, शेवट बघ ना. दोन ओळींत सगळं समजावून सांगतो. अजून कच्ची आहे."

"मग शेवट काढायला सांग."

त्या दिवशी आम्ही खूप कविता वाचल्या होत्या. छापखान्याची तारीख जवळ आली होती, पुस्तक पुण्यात छापून यायचं असायचं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिनं पुन्हा आग्रह धरला नाही. मी त्या मुलाला नकार कळवला, त्यात 'थोडी कच्ची वाटली' असं लिहिलं. नंतर विसरून गेले.

पुढच्या सप्टेंबरात काम सुरू झालं तेव्हा ती जरा वेगळी वाटत होती. एका सकाळी मी एक कविता वाचली, तिनं होकार दिला, आणि वीस मिनिटांनी म्हणाली, "ती डॅलसवाल्यांची अजून वाचली नाहीस." मी म्हटलं, आत्ताच तर वाचली. ती हसली. मग एकदा लॅबमधून घरी येताना रस्ता चुकली, तेही हसत सांगितलं. सोळा वर्षांचा रस्ता. "डोकं जागेवर नाही यार, पन्नाशी झाली आता," म्हणाली. मीही पन्नाशीचीच, मीही किल्ल्या शोधत फिरत असे. मी त्यावर हसले आणि पुढची कविता वाचायला घेतली.

डिसेंबरात तिनं स्वतःची कविता पाठवली. आईची कविता होती. लेक परदेशात, फोनच्या पडद्यावर आईचं कपाळ, पंखा, छतावरचा डाग. शेवट अगदी उघडा सोडलेला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती वाचली आणि मला रडू आलं. लगेच तिला फोन लावला.

"इतक्या वर्षांनी लिहिलंस आईवर."

"हो ना. एका बैठकीत आलं बघ. जणू पाठच होतं."

मला ओळखू आली नाही. का, हे मी आज कितीही वेळा स्वतःला विचारलं तरी उत्तर तेच राहतं. वर्षाकाठी दीड-दोनशे कविता वाचत होते मी, आणि नकार दिलेल्या तर मुद्दाम विसरत होते. शीर्षक वेगळं होतं, मुलाच्या जागी मुलगी होती, शेवटच्या दोन ओळी नव्हत्या. आणि ती तिची होती, म्हणून मी ती वेगळ्या कानानं ऐकली. हे खरं कारण आहे. संग्रहाची सुरुवात मी त्याच कवितेनं केली.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात पुस्तक निघालं. प्रती पोस्टानं ठिकठिकाणी गेल्या. तीन आठवड्यांनी सनीव्हेलहून ईमेल आली. त्या मुलानं आपली कविता आणि छापलेली कविता शेजारी शेजारी ठेवली होती. खाली त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या नावानं कच्ची होती. संपादकांच्या नावानं लगेच पिकली?'

दुसऱ्या दिवशी त्यानं हेच कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिथे जे काय चाललं ते इथे सांगण्यासारखं नाही. आम्ही दोघी वर्षानुवर्षं कविता ढापतो, असंही एकानं लिहिलं. तिचा राग तर आलाच होता, पण त्याच्या खाली माझी स्वतःची लाज होती. ती कविता मीच नाकारली होती आणि मीच पहिल्या पानावर घेतली होती. त्या मुलाचं वाक्य तिला नव्हे, मला लागू पडत होतं.

नवरा म्हणाला, "आधी तिला विचारलंस का?"

"काय विचारायचं? दोन्ही समोर आहेत."

"तरी एक फोन कर."

मी फोन केला नाही, ईमेल लिहिली. ती मला पाठ आहे, मला ती पाठ असायला नको होती. 'तू हे का केलंस ते मला समजून घ्यायचं नाही. नऊ वर्षांत जे उभं केलं ते तू एका कवितेसाठी घालवलंस. यापुढे संपादक म्हणून तुझं नाव असणार नाही.' सकाळी नऊ वाजता पाठवली आणि कामावर गेले.

दुपारी तिचं उत्तर आलं. 'ही कविता माझीच आहे. माझ्या आईची आहे. तू असं का म्हणतेस?' त्यानंतर तिचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. मला वाटलं, इतकं समोर असून खोटं बोलतेय.

मग मी शुद्धिपत्र छापून घेतलं. हाताच्या पंजाएवढी चिठ्ठी. पहिल्या पानावरची कविता जिच्या नावे छापली आहे तिची नसून मूळ कवी अमुक आहे, संपादक दिलगीर आहेत. घरात उरलेल्या प्रत्येक प्रतीत मी ती स्वतः चिकटवली. दोन रविवार जेवणाच्या टेबलावर गोंदाची बाटली घेऊन बसले होते. तिच्या नावाच्या बरोबर वर चिठ्ठी बसेल अशी चिकटवत होते आणि प्रत्येक चिठ्ठी बसली की मला बरं वाटत होतं. ज्यांच्याकडे प्रती गेल्या होत्या त्यांनाही पोस्टानं चिठ्ठ्या पाठवल्या. एक चिठ्ठी तिलाही गेली. पत्त्यांच्या यादीत तिचं नाव होतं, आणि मी ते गाळलं नाही.

आठ महिने आम्ही बोललो नाही. नवा संग्रह मी एकटीनं करायला घेतला.

जानेवारीत तिच्या नवऱ्याचा फोन आला. शांत माणूस. आमचं बोलणं एरवी 'कशा आहात, देतो हं तिला' एवढंच व्हायचं. त्यानं आधी माझी चौकशी केली, मग म्हणाला, "तिला डिमेन्शिया झालाय. कमी वयात होतो तो. ऑगस्टमध्ये निदान झालं. डॉक्टर म्हणतात, दोनेक वर्षं तरी चालू असणार."

मी समोरची कवितांची फाइल मिटली.

"मी हे आधीच कळवायला हवं होतं," तो म्हणाला. "पण मला राग होता तुमचा. आता सांगतो ते रागानं नाही सांगत. तुमची ती ईमेल तिनं प्रिंट करून ठेवली होती. कीबोर्डखाली. रोज सकाळी तिला सापडायची. रोज ती नवी वाटायची तिला. रोज येऊन मला विचारायची, हिनं असं का लिहिलं, मी काय केलं. मला सुरुवातीला कळेचना ती रोज तेच का विचारते. मग ते पान सापडलं. फाडून टाकलं मी. आणि मेलबॉक्समधलीही काल डिलीट केली. तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं."

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. तो म्हणाला, "यायचं असेल तर लवकर या."

फेब्रुवारीत मी बॉथेलला गेले. दार तिनंच उघडलं. केस कापलेले, बारीक झालेली, पण तोच निळा स्वेटर, तीच उभं राहायची पद्धत. माझ्याकडे बघून ती छान हसली.

"या ना. कविता द्यायला आलात?"

मागून तिचा नवरा काही बोलणार होता. मी हातानंच नको म्हटलं.

"हो," मी म्हणाले.

"मुदत संपत आली पण. बसा. चहा घेणार?"

तिनं मला 'तुम्ही' म्हटलं ते पुढचे तिन्ही दिवस. चहा तिच्या नवऱ्यानं केला. तिची मुलगी कॉलेजातून सुट्टी घेऊन घरी आली होती. माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "मावशी, शी इज हॅपी टुडे. प्लीज डोन्ट करेक्ट हर." मी मान हलवली.

संग्रहाच्या कविता मी बरोबर नेल्या होत्या. सकाळी खिडकीशी बसून तिला वाचून दाखवायला लागले. ती ऐकायची अगदी पूर्वीसारखी, मान एका बाजूला कलती ठेवून. दोन कवितांनंतर दमायची. काही म्हणायची नाही. एकदाच, एका कवितेनंतर, "हं, चांगली आहे" म्हणाली, आणि मग "कुणाची?" असं चार वेळा विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी तिचे केस विंचरत होती आणि ती आपल्याशीच ती कविता म्हणायला लागली. पंखा, कपाळ, छतावरचा डाग. सगळी, न अडखळता. जेवायला काय होतं ते तिला आठवत नव्हतं. संपल्यावर मुलीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "माझी आई अशीच फोन धरायची." मुलगी म्हणाली, "आय नो, आई." तिला मराठी सगळं कळतं.

दोन वर्षांपूर्वी मी फोनवर ती वाचली तेव्हा तिच्या डोक्यातून इतर सगळं निघून जायला सुरुवात झालेली असणार. हे एवढं मात्र आत गेलं आणि राहिलं. कुणी लिहिलं ते निघून गेलं. शेवटच्या दोन ओळीही निघून गेल्या, म्हणून कविता चांगली झाली.

निघायच्या दिवशी आम्ही दोघीच बाहेरच्या खोलीत होतो. मी ठरवून आले होते की बोलायचं, तिला कळो न कळो. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "माझी फार मोठी चूक झाली. मी तुला विचारायला हवं होतं. मी फोन उचलायला हवा होता. मला माफ कर."

ती माझ्याकडे काळजीनं बघत राहिली. मग माझ्या हातावर थोपटलं.

"असू द्या. वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "होतं असं. सगळ्यांच्या घेता येत नाहीत. पुढच्या वर्षी परत पाठवा."

विमानतळावर पोचेपर्यंत तिचा नवरा गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर मी सनीव्हेलच्या मुलाला फोन केला. त्याच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. सगळं सांगितलं, मी काय केलं तेही.

"ताई, मी त्या ग्रुपवर काय काय लिहिलंय," तो म्हणाला.

"तुझं खोटं नव्हतं काही."

"त्या अजून म्हणतात का ती?"

"म्हणतात."

तिच्या मुलीनं फोनवर तिच्या आवाजात ती कविता रेकॉर्ड केली होती; तिच्या नवऱ्याला विचारून मी ते रेकॉर्डिंग त्या मुलाला पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "माझी आई मागच्या महिन्यात फोन नीट धरायला शिकली. भाच्यानं स्टँड आणून दिला. आता चेहरा दिसतो पूर्ण. मी बघतो आणि मला काय बोलावं कळत नाही." मग म्हणाला, "ती कविता आता माझ्या नावानं परत छापू नका."

"मग तिच्या नावानं?"

"नको. असू द्या तशीच."

त्यानं ग्रुपवरचं आपलं लिखाण काढून टाकलं आणि दोन ओळींत माफी मागितली. बाकीच्यांपैकी कुणी काही काढलं नाही. त्या वर्षी त्याच्या कंपनीत कपात झाली, त्याची नोकरी गेली, व्हिसाचे दिवस संपले आणि तो नागपूरला परत गेला. नियमाप्रमाणे आता त्याची कविता आम्हाला घेता येणार नाही.

दहावा संग्रह निघाला. संपादक म्हणून मी दोघींची नावं घातली. त्यावर एक-दोघांनी नाराजी कळवली, मी उत्तर दिलं नाही. शुद्धिपत्रं मात्र तशीच आहेत. मी एका प्रतीतली काढून बघितली होती. खालचा कागदही निघून आला, तिच्या नावासकट.

त्यानंतर काही महिने मी तिला फोनवर कविता वाचून दाखवत होते. तिचा नवरा फोन स्पीकरवर ठेवायचा. मग एकदा त्यानं अवघडून सांगितलं, "आता फोन नका करू. आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, त्याला ती घाबरते. घरभर शोधत फिरते." मी बरं म्हटलं. मलाही त्याच्यापाशी रडायचं नव्हतं.

अकरावा संग्रह मी काढला नाही. कवींच्या ग्रुपवर तसं कळवलं. बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली, एका मुलीनं मदतीला येते म्हणून सांगितलं. मी तिला म्हटलं, नंतर कळवते. एकटीनं वाचताना मला कवितेचं काही समजत नाही असं झालंय. सगळ्याच बऱ्या वाटतात, किंवा एकही नाही. तरी कविता येत राहतात. मी मिळाल्याचं कळवते आणि एका फोल्डरमध्ये ठेवून देते.

मागच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचा मेसेज आला. तिला आता केअर होममध्ये ठेवलंय, घरापासून दहा मिनिटांवर. बोलणं जवळजवळ थांबलंय, इंग्रजीही आणि मराठीही. मी विचारलं, ऐकते का? त्यानं लिहिलं, 'कळत नाही. पण हात धरला की सोडत नाही.'

मी पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं आहे. बॅग अजून भरली नाही.